रिते, रिकामे आणि रद्दबातल

इंग्रजी भाषेत 'व्हॉइड' असा एक लहानसा शब्द आहे. शब्दकोश उघडला की त्याच्यापुढे रिकामा, पोकळी, शून्य, निरर्थक, रद्द असे पाच-सहा मराठी अर्थ एका ओळीत मांडलेले आढळतात आणि आपण त्यांतला हाताशी येईल तो उचलून पुढे जातो. आम्हीही एकदा असाच उचलला होता. त्या एका शब्दाने एका माउलीच्या मनाला जी जखम झाली ती अनेक वर्षे आम्हांला सलत राहिली. म्हणूनच या शब्दाचा, आणि त्याच्यासाठी आपण मराठीत योजतो त्या शब्दांचा, थोडा निवांत विचार वाचकांसमोर मांडावा असे वाटले. हा विचार पंडितांसाठी नाही. भाषांतर ही केवळ लेखकांची बाब नसून ती आपल्या घरादारांत, लग्नांत आणि मरणांतही शिरते, एवढेच आम्हांला दाखवावयाचे आहे.

घटना अशी. आम्ही नुकतेच एका धर्मग्रामात रुजू झालो होतो. तिथल्या एका बाईंच्या विवाहाविषयी ख्रिस्तसभेच्या न्यायासनाचा निर्णय आला होता. कागद इंग्रजीत होता. बाई तो घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "फादर, यात काय लिहिलंय ते मराठीत सांगा." कागदावर 'नल अँड व्हॉइड' हे शब्द होते. आम्ही सेमिनरीतून ताजे शिकून आलेलो. क्षणाचाही विलंब न लावता बोलून गेलो, "म्हणजे तुमचं लग्न पोकळ होतं, चर्चनं ते रद्द केलंय." बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग फादर, माझी दोन पोरं कुठून आली? पोकळीतून?" आणि उत्तराची वाट न पाहता उठून गेल्या.

त्या एका वाक्यात आम्ही दोन चुका केल्या होत्या. त्या नेमक्या कोणत्या, हे समजण्यासाठी आधी या शब्दाचे कूळ पाहावे लागेल.

'व्हॉइड' हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. 'रिकामे असणे' या अर्थाच्या 'व्हाकारे' या क्रियापदाच्या कुटुंबातला तो आहे. याच कुटुंबात 'व्हॅक्यूम' म्हणजे निर्वात पोकळी, 'व्हेकन्सी' म्हणजे रिकामी जागा आणि, नवल वाटेल, पण 'व्हेकेशन' म्हणजे सुट्टी हे शब्दही जन्मले. 'टाळणे' या अर्थाचा 'अव्हॉइड' हाही त्यांचाच भाऊबंद. त्याचा जुना अर्थ 'रिकामे करणे' असा होता. लॅटिनमधील 'व्हाकारे'ला दोन तोंडे होती. एक, आत काही नसणे. दुसरे, एखाद्या कामासाठी मोकळे असणे. शेचाळिसाव्या स्तोत्रात देव आपल्या प्रजेला शांत होऊन त्याला ओळखण्यास सांगतो. तेथे लॅटिन बायबलने याच क्रियापदाचे आज्ञार्थी रूप योजले आहे. मठवासी तर प्रार्थनेला 'देवासाठी मोकळे असणे' असेच म्हणत आले. म्हणजे ज्या मुळापासून पोकळीचा शब्द आला, त्याच मुळापासून प्रार्थनेच्या निवांतपणाचाही शब्द आला. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात, दुसऱ्या ओवीत, पृथ्वीच्या आरंभीच्या अवस्थेचे वर्णन आहे. हिब्रूत तेथे 'तोहू' आणि 'बोहू' असे दोन शब्द जोडीने आले आहेत. सेमिनरीतील हिब्रूच्या तासाला ते प्रथम ऐकले तेव्हा आम्हां विद्यार्थ्यांना हसू आले होते, कारण ते आपल्या 'उलटसुलट', 'आरडाओरडा' अशा जोडशब्दांसारखे कानाला लागतात. 'तोहू' म्हणजे वाट नसलेले, घडण नसलेले उजाड रान. 'बोहू' म्हणजे वस्ती नसलेली रितेपणाची अवस्था. 'बोहू' हा शब्द सबंध हिब्रू बायबलात केवळ तीन ठिकाणी येतो, उत्पत्तीत, यशयाच्या चौतिसाव्या अध्यायात आणि यिर्मयाच्या चौथ्या अध्यायात, आणि तिन्ही वेळा 'तोहू'च्या सोबतीनेच येतो.

भाषांतरकारांनी या जोडीचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. ग्रीक भाषांतराने 'न दिसणारी' आणि 'न सजवलेली' असे म्हटले. संत जेरोमने लॅटिनमध्ये 'इनानिस' आणि 'व्हाकुआ' हे शब्द घेतले. १६११ च्या इंग्लंडमधील किंग जेम्स भाषांतराने 'व्हॉइड' हा शब्द दुसऱ्या जागी, म्हणजे 'बोहू'साठी ठेवला, तर त्याच सुमारास, १६०९-१० मध्ये, इंग्रज कॅथोलिकांनी दुए येथे छापलेल्या भाषांतराने तोच शब्द पहिल्या जागी नेला. एकच शब्द, एकच काळ, एकच भाषा, आणि जागा मात्र दोन! प्रचलित मराठी बायबलात दुसऱ्या जागी 'शून्य' हा शब्द आहे.

'शून्य' हा शब्द मोठा आहे, पण येथे तो थोडा धोक्याचाही आहे, असे आमचे मत आहे. 'देवाने शून्यातून जग निर्माण केले' असे आपण प्रवचनांत नेहमी सांगतो. ते सत्यच आहे. १२१५ च्या चौथ्या लाटरन परिषदेने ते श्रद्धासत्य म्हणून घोषित केले आहे. परंतु भाविक जेव्हा उत्पत्तीत 'शून्य' वाचतो तेव्हा त्याला वाटते की हेच ते शून्य. तसे नाही. उत्पत्तीतील शब्द 'काहीच नव्हते' असे सांगत नाही. जे होते ते अजून घडलेले आणि भरलेले नव्हते, एवढेच तो सांगतो. शास्त्राभ्यासकांनी दाखवून दिले आहे की सृष्टीच्या पहिल्या तीन दिवसांत देव प्रकाश-अंधार, आकाश-जल, समुद्र-भूमी असे विभाग करून घडण देतो आणि पुढच्या तीन दिवसांत त्याच जागा ज्योती, पक्षी, मासे, पशू आणि माणसे यांनी भरतो. 'तोहू'ला उत्तर पहिल्या तीन दिवसांत मिळते, 'बोहू'ला नंतरच्या तीन दिवसांत. म्हणजे तेथील रितेपण शाप नाही. ते पाणी भरण्यापूर्वीच्या घड्याचे रितेपण आहे. यशया पंचेचाळिसाव्या अध्यायात हीच गोष्ट उलट बाजूने सांगतो: देवाने पृथ्वी 'तोहू' राहावी म्हणून केली नाही, तिच्यावर वस्ती व्हावी म्हणून केली.

मग 'काहीच नव्हते त्यातून' ही स्पष्ट कबुली शास्त्रात कोठे आहे? ती मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात आहे. हा ग्रंथ आपल्या कॅथोलिक बायबलात आहे. आणि ही कबुली कोणा शास्त्र्याच्या तोंडी नाही. छळ करणाऱ्या राजासमोर उभ्या असलेल्या, आपली सहा मुले डोळ्यांदेखत गमावलेल्या एका आईच्या तोंडी ती आहे. सातव्या, धाकट्या मुलाला धीर देताना ती हे बोलते. शून्याविषयीचे सर्वांत मोठे ईशज्ञान एका आईने आपल्या लेकराविषयी बोलताना सांगावे, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. आमच्याकडे कागद घेऊन आलेल्या बाईंचा प्रश्नही शेवटी लेकरांविषयीच होता.

नव्या करारात या शब्दकुळाची आणखी एक खूण सापडते. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात संत पौल प्रभू येशूविषयी म्हणतो की त्याने स्वतःला रिते केले. ग्रीक क्रियापद 'केनोओ', म्हणजे रिकामे करणे. लॅटिन बायबलाने येथे जे क्रियापद वापरले ते 'इनानिस' याच शब्दावरून घडलेले आहे, म्हणजे उत्पत्तीत आरंभीच्या पृथ्वीसाठी आलेला तोच शब्द. आरंभी पृथ्वी रिती होती आणि काळाच्या पूर्णतेत पुत्र रिता झाला, हा धागा लॅटिन वाचकाच्या कानाला ऐकू येत असे. किंग जेम्स भाषांतराने मात्र येथे 'प्रतिष्ठा न ठेवणे' अशा अर्थाची रचना केली आणि धागा तुटला. १५८२ च्या कॅथोलिक रेम्स भाषांतराने लॅटिन क्रियापद जवळजवळ जसेच्या तसे इंग्रजीत उतरवले. धागा टिकला, पण सामान्य वाचकाला शब्दच कळेना. पुढे अठराव्या शतकात बिशप चॅलोनर यांनी साधा 'रिकामे करणे' हा शब्द घालून ती अडचण दूर केली.

मराठी बायबलात येथे 'रिक्त' आहे. अर्थाने तो बरोबर आहे. पण आज 'रिक्त' म्हटले की मराठी माणसाला वर्तमानपत्रातील 'रिक्त पदे भरणे' ही जाहिरात आठवते. 'रिते' हा त्याच मुळाचा घरगुती शब्द. घडा रिता करतात, पदर रिता करतात, आई आपले ताट मुलाच्या ताटात रिते करते. प्रभूने केले ते असे होते. देवपण टाकून दिले असा याचा अर्थ नव्हे. तशा अर्थाची शिकवण पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये नाकारली आहे. आई ताट रिते करते म्हणून तिचे आईपण कमी होत नाही, उलट तेव्हाच ते दिसते.

हाच पौल करिंथकरांस लिहिताना तेच क्रियापद अगदी उलट अर्थाने योजतो: वाक्चातुर्याने ख्रिस्ताचा क्रूस रिता होऊ नये. येथे रिते होणे म्हणजे बळ जाणे, फोल होणे. भाताच्या खळ्यावर पोचट दाणा वाऱ्याबरोबर उडतो, तसे. एकच क्रियापद, एके ठिकाणी तारण आणि दुसरीकडे अनर्थ. यावरून आम्हांला या साऱ्या चर्चेचे सूत्र सापडते. रितेपणाला स्वतःचा असा अर्थ नसतो. कोणी रिते केले, कशासाठी केले आणि त्यात पुढे काय भरावयाचे आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो.

विज्ञानातही या शब्दाने असाच प्रवास केला. निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे, असे प्राचीन काळापासून मानले जाई. १६४३ मध्ये इटलीत तोरिचेल्लीने पाऱ्याने भरलेली काचेची नळी उपडी करून दाखवली आणि नळीच्या वरच्या टोकाला राहिलेल्या रिकाम्या जागेवरून युरोपभर वाद पेटला. १६४८ मध्ये ब्लेझ पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने तीच नळी पुई-द-दोम या डोंगरावर नेली. वर जावे तसा पारा खाली उतरला. पारा धरून ठेवणारा निसर्गाचा तिटकारा नसून हवेचा भार आहे, हे त्यातून दिसले. याच पास्कालच्या नावावर 'माणसाच्या हृदयात देवाच्या आकाराची पोकळी आहे' असे एक वाक्य धर्मोपदेशक सर्रास खपवतात. आम्हीही ते व्यासपीठावरून सांगितले आहे. पण त्या शब्दांत ते त्याच्या लेखनात नाही. तो बोलतो ते एका अथांग दरीविषयी, जी अनंत अशा देवावाचून दुसऱ्या कशानेही भरत नाही. 'देवाच्या आकाराची पोकळी' म्हटले की देव म्हणजे डब्याला बेताचे बसणारे झाकण वाटू लागते. दरीला झाकण नसते. सुटसुटीत वाक्याच्या मोहाने आपण थोरांचे विचार किती लहान करतो, याचा हा नमुना आहे.

खगोलशास्त्रज्ञ आज आकाशगंगांच्या समूहांमधील विराट मोकळ्या प्रदेशांना 'व्हॉइड' म्हणतात. भूतप या तारकासमूहाच्या दिशेला १९८१ मध्ये असा एक प्रदेश सापडला. त्याची रुंदी सुमारे ३३ कोटी प्रकाशवर्षे आहे. तोही पूर्ण रिकामा नाही, त्यात काही दीर्घिका आढळल्या आहेत. संगणकवाले तरुण तर हा शब्द रोज लिहितात. आमच्या धर्मग्रामातील एका मुलाने आम्हांला समजावून सांगितले की आज्ञावलीच्या ज्या भागापुढे 'व्हॉइड' लिहिलेले असते तो भाग आपले काम पूर्ण करतो, पण मागणाऱ्याच्या हाती परत काही देत नाही. आम्ही म्हटले, अरे, मग आपल्या कितीतरी आजी-आजोबांच्या आयुष्यापुढे हा शब्द लिहिता येईल. काम केले आणि परत काही हाती ठेवले नाही, म्हणजे काम झालेच नाही असे नव्हे.

संत मदर तेरेसा यांच्या खाजगी पत्रांचा संग्रह २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा जगाला कळले की सुमारे पन्नास वर्षे त्या अंतर्यामी अंधार आणि रितेपण सोसत होत्या. काही वृत्तपत्रांनी लगेच निष्कर्ष काढला की त्यांची श्रद्धा पोकळ होती. पुन्हा तीच चूक, रित्याला पोकळ म्हणण्याची. ख्रिस्तसभेने २०१६ मध्ये त्यांना संतपद दिले ते ती पत्रे वाचूनच.

आता त्या कागदाकडे परत येऊ. इंग्रजी कायद्यात 'नल' आणि 'व्हॉइड' हे दोन शब्द जोडीने येतात. एक लॅटिन वळणाचा, दुसरा फ्रेंच वळणाचा, पण अर्थ एकच. आपल्या 'रद्दबातल' या शब्दाचेही तसेच आहे, त्याचे दोन्ही घटक अरबीतून आलेले. परंतु दोहोंत एक सूक्ष्म फरक आहे. 'बातल' म्हणजे मुळातच विफल, तर 'रद्द' म्हणजे झालेले मागे फिरवणे. बोलताना आपण 'बातल' सोडून देतो आणि 'रद्द' तेवढे ठेवतो. गाडी रद्द होते, सभा रद्द होते. पण कॅथोलिक ख्रिस्तसभा विवाह रद्द करीत नाही, तिला तो अधिकारच नाही. यथाविधी झालेला आणि पूर्णत्वास गेलेला विवाह मृत्यूवाचून कोणतीही मानवी सत्ता सोडवू शकत नाही, असे धर्मनियम ११४१ सांगतो. न्यायासन करते ते एवढेच: संमती देण्याच्या त्या घडीला काही मूलभूत उणीव होती, त्यामुळे विवाहबंध मुळात जुळलाच नव्हता, असे साक्षी-पुराव्यांनिशी जाहीर करते. आम्ही 'रद्द केलं' म्हणालो, ती आमची पहिली चूक. ते ऐकूनच आपले लोक म्हणतात, "चर्चमध्येही आता घटस्फोट मिळतो."

दुसरी चूक अधिक गंभीर होती. आम्ही 'पोकळ' म्हणालो. 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. पोकळ म्हणजे वरून भरीव भासणारे, आतून फसवे. हा शब्द कायद्याच्या बंधाला लागत नाही, तो माणसाच्या अंतःकरणाला लागतो. न्यायासनाने त्या बाईंचे प्रेम फसवे ठरवले नव्हते, त्यांनी रांधलेले अन्न, काढलेली दुखणी, वाढवलेली मुले यांविषयी तर अवाक्षरही काढले नव्हते. उलट धर्मनियम ११३७ स्पष्ट सांगतो की वैध विवाहातून किंवा निदान एका पक्षाने प्रामाणिक समजुतीने केलेल्या विवाहातून जन्मलेली मुले औरसच होत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये या खटल्यांची कार्यपद्धती सुटसुटीत केली. त्या सुधारित नियमांतही, एकमेकांप्रति आणि मुलांप्रति असलेल्या नैतिक व नागरी कर्तव्यांची आठवण निकालपत्रात करून द्यावी, असे बंधन आहे. बंध नव्हता असे ठरल्यावरही कर्तव्य उरते, म्हणजे त्या वर्षांना ख्रिस्तसभा पोकळ मानीत नाही.

येथेच एक व्यवहाराची सूचनाही द्यावयास हवी. ख्रिस्तसभेच्या न्यायासनाचा हा निर्णय देशाच्या कायद्यापुढे पुरेसा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तसे स्पष्ट केले आणि २०१७ मध्ये यासंबंधीची याचिकाही फेटाळली. १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली दिवाणी न्यायालयाचा हुकूम मिळविल्याखेरीज पुन्हा विवाह करणे म्हणजे पहिल्या विवाहाचा जोडीदार हयात असता दुसरा विवाह करणे ठरते. 'चर्चचा कागद आला, आता मोकळे' असे म्हणून कोणी फसू नये.

मग मराठीत काय म्हणावे? आमची सूचना अशी की 'रद्द' हा शब्द या संदर्भात धर्मगुरूंनी आणि धर्मशिक्षकांनी सोडून द्यावा. 'विवाहबंध मुळात जुळला नव्हता' असे सरळ, पूर्ण वाक्यच बोलावे. ते लांब आहे, पण त्यात खोटे काही नाही. मराठी या बाबतीत गरीब नाही. ओस, सुने, भकास, फोल, पोचट, पोकळ, रिकामे, रिते, मोकळे, शून्य, असे कितीतरी शब्द तिच्यापाशी आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे. घर ओस पडते, पण मन मोकळे होते. बाळंतीण सुखरूप 'मोकळी झाली' असे आपण म्हणतो, तेव्हा रितेपणातच घर भरल्याची वार्ता असते. इंग्रजीला एका 'व्हॉइड'वर भागवावे लागते तेथे आपण दहा छटा दाखवू शकतो. एक इंग्रज जेजुइट, फादर थॉमस स्टीफन्स, यांनी १६१६ मध्ये गोव्यात आपले ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले, तेव्हा स्वर्गासाठी त्यांनी परका शब्द न आणता 'वैकुंठ' हा लोकांच्या ओठांवरचा शब्द घेतला. परदेशातून आलेल्या माणसाने एवढी कदर केली. आपण तर या भाषेच्या कुशीत जन्मलो.

त्या बाईंकडे आम्ही काही आठवड्यांनी गेलो. चुकलो असे सांगितले, आणि मुलांविषयीचा तो नियम मराठीत समजावून दिला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "हे त्या दिवशी सांगायला हवं होतं, फादर. इतके दिवस मी पोरांच्या तोंडाकडे बघत नव्हते."

गुड फ्रायडेला आपल्या मंदिरातील पवित्र पेटी उघडी आणि रिकामी असते. लहान मुले विचारतात, देव कुठे गेला? त्या रितेपणाला कोणी पोकळ म्हणत नाही, रद्दबातल तर नाहीच नाही. रविवारच्या पहाटे कबर रिकामी सापडते तेव्हा तोच शब्द आनंदवार्ता होतो. शब्द उचलण्यापूर्वी आपण शुक्रवारच्या पेटीपाशी उभे आहोत की रविवारच्या कबरेपाशी, आणि आपल्यासमोर कोण उभे आहे, एवढे जरी आम्ही धर्मगुरूंनी पाहिले तरी पुष्कळ घरांतील अश्रू वाचतील.